चित्रात ओळखीचं काहीच नाही, मग शोधायचं काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फहून एक बातमी आली आणि जगभर हशा पिकला. पीट मॉन्ड्रियान या डच चित्रकाराचं १९४१ सालचं एक काम, म्हणजे लाल, पिवळ्या, निळ्या आणि काळ्या चिकटपट्ट्यांचं जाळं, गेली सत्याहत्तर वर्षं बहुधा उलटं टांगलं गेलं होतं. मॉन्ड्रियान १९४४ मध्ये गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या स्टुडिओच्या एका फोटोत हे काम चित्र ठेवायच्या घोडीवर नेमकं दुसऱ्या बाजूनं उभं दिसतं. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागलं आणि तेव्हापासून त्याचं डोकं खालीच राहिलं. १९८० पासून ते ड्युसेलडॉर्फमध्ये आहे. आता सुलटं करावं तर जुन्या पट्ट्यांचा गोंद सुटून त्या गळून पडायची भीती. म्हणून संग्रहालयानं ते आहे तसंच ठेवलं.

हसू येणं साहजिक आहे. पण या विनोदाच्या मागे एक खरा प्रश्न आहे. हाच मॉन्ड्रियान आणि त्याच्या पिढीतले कितीतरी चित्रकार अगदी गंभीरपणे म्हणत होते, की आम्ही सजावट करत नाही, जगण्याच्या मुळाशी काय आहे ते शोधतो आहोत. पट्ट्या, ठिपके आणि रंगांचे पट्टे यांतून जगण्याचा अर्थ शोधता येतो, हा दावा टिकतो का? टिकत असेल तर कसा?

अमूर्त म्हणजे नेमकं काय?

ज्या चित्रात ओळखता येईल अशी वस्तू, माणूस किंवा जागा नसते, ते अमूर्त चित्र. एवढी व्याख्या आपल्याला पुरेल. पण तिथे पोचायच्या वाटा दोन आहेत आणि त्यांची गल्लत केली की गोंधळ होतो.

पहिली वाट वस्तूपासून सुरू होते. मॉन्ड्रियाननं १९०८ ते १९१२ या काळात झाडं रंगवली. सुरुवातीचं लाल झाड हे उघड उघड झाड आहे, फांद्या पसरलेलं, पेटल्यासारखं. १९११ च्या करड्या झाडात फांद्यांच्या कमानी झाल्या. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात त्या कमानीच उरल्या. शीर्षक झाकलं तर झाड ओळखणं कठीण. ही चित्रं शेजारी शेजारी पाहिली की लक्षात येतं, एक माणूस दर वेळी स्वतःला विचारतोय: यातलं काय काढलं तरी चालेल? काय काढलं तर सगळंच जाईल?

दुसऱ्या वाटेवर वस्तू मुळातच नसते. रशियन चित्रकार काझिमीर मालेविचनं डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक काळा चौकोन मांडला आणि तो खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला. रशियन घरांत धार्मिक प्रतिमा लावायची ती जागा. त्यानं चौकोन कुठल्या वस्तूपासून गाळून काढला नव्हता. जिथे देव असतो तिथे त्यानं काहीही न दाखवणारं चित्र लावलं आणि लोकांना म्हणाला, आता बघा. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हटलेलं आवडत नसे. आपण कशातून काही गाळत नाही, वस्तू आपल्या चित्रात आधीपासूनच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

‘जगण्याचा अर्थ’ हा एकच प्रश्न नाही

हा शब्दप्रयोग इतका मोठा आहे की हातात घेतला तर निसटतो. मानसशास्त्रज्ञांनी तो जरा आटोक्यात आणला आहे. फ्रँक मार्टेला आणि मायकल स्टेगर यांनी २०१६ मध्ये अशी मांडणी केली, की जगण्याला अर्थ आहे असं माणूस म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, आयुष्यात घडतं त्यात काही संगती लागते. दोन, पुढे जायला दिशा आहे. तीन, हे सगळं जगण्याच्या मोलाचं आहे.

यातली दिशा चित्रातून मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी सोडावी का, लग्न करावं का, याचं उत्तर कुठल्याही निळ्या पट्ट्यात लिहिलेलं नसतं. तसं सांगणाऱ्या कार्यशाळा निघतात, पण त्यांचा आणि चित्रकलेचा संबंध बेताचाच. उरलेल्या दोन गोष्टींशी मात्र अमूर्त चित्राचं थेट काम आहे. विस्कटलेल्यात संगती कशी लागते, आणि एखादी गोष्ट ‘उपयोगी’ नसूनही मोलाची का वाटते, हे दोन्ही प्रश्न ते पुन्हा पुन्हा, अगदी हातांनी सोडवायला बसतं.

वस्तू काढून टाकल्यावर उरतं काय?

बरंच काही उरतं. वजन, अंतर, कडा, वेग, गर्दी, पोकळी, उष्ण आणि थंड रंग, थराची जाडी. या गोष्टी घोड्याच्या चित्रातही असतात, पण तिथे आपण घोडा पाहतो आणि समाधानानं पुढे जातो. नाव मिळालं की डोळे थांबतात. अमूर्त चित्र ती सोय काढून घेतं.

आता हमखास येणारी शंका. समोर नमुनाच नसेल तर चित्र बरोबर आहे की चूक, हे ठरवायचं कसं? नव्या खोलीत सामान लावताना आपण काय करतो ते आठवा. टेबल भिंतीला लावतो, मागे सरकतो, मान तिरकी करतो, ‘छे, सगळं एका बाजूला कललंय’ म्हणतो आणि टेबल वीतभर सरकवतो. खोली कशासारखी दिसायला हवी याचा नमुना कुठेही नसतो. तरी एका क्षणी ‘हां, आता जमलं’ असं म्हणतोच, आणि घरातले दुसरेही बहुतेक वेळा मान डोलावतात. आता यातून उपयोगाचा भाग वजा करा. दार उघडायला हवं, उजेड यायला हवा, या अटी काढा आणि फक्त ते ‘जमलं’ शिल्लक ठेवा. चित्रकार दिवसभर तेवढंच करत असतो.

वासिली कांडिन्स्कीनं या ‘जमलं’ला एक नाव दिलं: आतली निकड. हा मूळचा कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला माणूस. १८९६ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात क्लोद मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र त्याच्यासमोर आलं आणि ते कशाचं आहे हे त्याला पटकन कळलंच नाही. कळलं नाही तरी ते डोक्यातून जाईना. त्याच वर्षी त्यानं विद्यापीठातली चालून आलेली नोकरी नाकारली आणि तिशीत चित्रकला शिकायला म्युनिक गाठलं. पुढे १९११ च्या अखेरीस आलेल्या छोट्या पुस्तकात त्यानं मांडलं की शब्दांशिवायचं संगीत कशाचीही नक्कल न करता थेट मनाशी बोलतं, मग रंगानं का बोलू नये?

इथपर्यंत मी त्याच्याबरोबर आहे. पण पुढे त्यानं पिवळा म्हणजे त्रिकोण, लाल म्हणजे चौकोन, निळा म्हणजे वर्तुळ अशी जवळजवळ बाराखडीच ठरवायला घेतली, तिथे माझी गाडी अडते. प्रत्येक रंगाचा अर्थ कायमचा ठरलेला असता, तर कोश उघडून चित्र वाचता आलं असतं आणि बघायची गरजच उरली नसती. चित्रात लाल काय करतो, हे त्याच्या शेजारी काय आहे आणि तो किती जागा व्यापतो यावर ठरतं.

हे लोक खरंच अर्थ शोधत होते, की मागून चिकटवलेली गोष्ट आहे?

खरंच शोधत होते, आणि कधी कधी आपल्याला अवघडल्यासारखं वाटेल इतक्या उघडपणे. मॉन्ड्रियान १९०९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गूढ सत्य आहे असं मानणाऱ्या संस्थेचा, सभासद झाला. कांडिन्स्कीवरही त्या विचारांचा प्रभाव होता. स्वीडनची हिल्मा आफ क्लिंट तर मैत्रिणींबरोबर आत्म्यांशी संवाद साधायला बसायची आणि आपल्याला चित्रांचं काम वरून सोपवलं गेलं आहे, अशी तिची श्रद्धा होती. १९०६ ते १९१५ या काळात तिनं मंदिरासाठी म्हणून १९३ चित्रं केली. यातली सुरुवातीची कामं कांडिन्स्कीच्या अमूर्त चित्रांच्याही आधीची आहेत.

तिची १९०७ मधली दहा प्रचंड चित्रं आपल्या विषयाच्या अगदी मध्यभागी येतात. प्रत्येक चित्र तीन मीटरहून उंच. विषय माणसाचं आयुष्य: बालपण, तारुण्य, प्रौढपण, वार्धक्य. पण यांत बाळ नाही, म्हातारा नाही. बालपणाची पार्श्वभूमी निळी, तारुण्याची नारिंगी, प्रौढपणाची जांभळट, वार्धक्याची फिकट गुलाबी. तारुण्यात गोल, वेटोळी, पाकळ्या नुसत्या गरगरतात. शेवटाकडे जागा मोकळी होत जाते आणि आकार शिस्तीत उभे राहतात. बालपणाला दोन चित्रं, तारुण्याला दोन, वार्धक्याला दोन आणि प्रौढपणाला चार. तिला नेमकं काय म्हणायचं होतं ते असो, पण आयुष्याचा मधला मोठा, सपाट वाटणारा तुकडाच सर्वात जास्त जागा खातो, हे चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही पटेल.

आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही कामं कुणाला दाखवू नयेत, असं तिनं लिहून ठेवलं. १९४४ मध्ये ती गेली. मोठ्या प्रदर्शनात ही चित्रं पहिल्यांदा दिसली १९८६ मध्ये, लॉस एंजेलिसला. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचं प्रदर्शन झालं तेव्हा सहा लाखांहून अधिक लोक येऊन गेले. यातल्या कितीजणांचा आत्म्यांवर विश्वास असेल? फार थोड्यांचा. चित्र करणाऱ्याची श्रद्धा आपण उसनी घेतली नाही तरी चित्र काम करतं, हे यातून दिसतं.

काळही महत्त्वाचा. अमूर्त चित्र जन्मलं तेव्हा युरोपात जुन्या धर्मश्रद्धेला तडे गेले होते आणि पाठोपाठ पहिलं महायुद्ध आलं. चित्रकार पाउल क्लेनं १९१५ मध्ये डायरीत नोंदवलं, की जग जितकं भयंकर होत जातं तितकी कला अमूर्त होत जाते. क्लेचं हे निरीक्षण सगळीकडे लागू पडत नाही, पण एका ठिकाणी ते अंगावर येईल इतकं लागू पडतं.

जे दाखवता येत नाही, त्याचं काय करायचं?

ऑगस्ट १९४४. आउशवित्झ-बिर्केनाउ छळछावणीत प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या काही कैद्यांनी जिवावर उदार होऊन चार फोटो काढले. ती फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये लपवून बाहेर पोचवली गेली. त्या कत्तलखान्याच्या आतून, कैद्यांनीच काढलेले फोटो एवढेच.

१९३२ मध्ये ड्रेस्डेनला जन्मलेला जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टर या विषयाभोवती कित्येक वर्षं घुटमळत होता. फोटोवरून हुबेहूब चित्र रंगवण्यात त्याचा हातखंडा. २०१४ मध्ये त्यानं चार मोठे कॅनव्हास घेतले, प्रत्येक २६० बाय २०० सेंटिमीटर, आणि त्यांवर ते चार फोटो रेखाटले. आणि तिथे तो अडला. चित्र सुरेख आलं तर ती त्या माणसांची विटंबना, आणि ओबडधोबड आलं तर नुसतं नाटक. मग त्यानं त्या रेखाटनांवर रंगाचे थर चढवायला सुरुवात केली. लांब सपाट पट्टीनं ओला रंग ओढायचा, खरवडायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी राहिले काळे, करडे, पांढरे थर आणि मध्येच फुटून आलेला लाल, हिरवा. खालची माणसं पूर्ण झाकली गेली. चित्रांना त्यानं नाव दिलं ‘बिर्केनाउ’.

शीर्षक काढलं तर हे कुणाला कळेल? नाही कळणार. ही तक्रार रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. बऱ्याच प्रदर्शनांत या कॅनव्हासबरोबर त्या चार फोटोंच्या प्रतीही लावतात, कारण नुसत्या रंगावर ही जबाबदारी टाकता येत नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण शीर्षक कळल्यावर चित्रात काय होतं ते बघा. खाली काहीतरी आहे हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते आपल्याला दिसणार नाही हेही. डोळे थरांच्या फटींतून आत शिरायला धडपडतात आणि परत फिरतात. फोटो ‘हे घडलं’ असं सांगतो. चित्र सांगतं की घडलेलं आपल्यापर्यंत पूर्ण पोचत नाही, पोचलं असं समजू नका. या दुसऱ्या गोष्टीसाठी माणसांचं, आगीचं, धुराचं चित्र कुचकामी ठरलं असतं, कारण ते पाहून आपल्याला कळल्याचं समाधान झालं असतं.

स्वतःच्या आयुष्यातही अशा जागा असतात. एखादं माणूस गेल्यावर ‘आता सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं’ अशी संगती लावणं खोटं असतं आणि संगती न लावता जगणंही अशक्य असतं. झाकायचं, पण पुसायचं नाही, असा काहीतरी मधला मार्ग आपण शोधतो. रिख्टरनं तो रंगात शोधला.

करताना काय घडतं?

आतापर्यंत आपण बघणाऱ्याच्या जागी उभे होतो. करणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी.

गायतोंडे नागपुरात १९२४ मध्ये जन्मले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. झेन विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. ते वर्षाला मोजकेच कॅनव्हास करत. बाकीचा वेळ विचारात, वाचनात, संगीत ऐकण्यात आणि नुसतं बसण्यात जाई. रंग लावायला ते रोलर आणि रंगाची सुरी वापरत. कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलत, त्यातून त्यांच्या चित्रात तरंगणारे, लिपीसारखे वाटणारे पण वाचता न येणारे आकार येत. या पद्धतीत योगायोगाला भरपूर वाव आहे: कागद उचलल्यावर खाली काय उमटेल हे पूर्ण हातात नसतं. जे उमटलं त्यातलं काय ठेवायचं, हे मात्र हातात असतं. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं त्यांचे मोठे कॅनव्हास थांबले. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी कामं केली.

नसरीन मोहम्मदी यांचं उदाहरण मला अधिक अस्वस्थ करतं. १९३७ मध्ये कराचीत जन्म, पुढे बडोद्याच्या कलाशाखेत अध्यापन, १९९० मध्ये मृत्यू. पेन्सिल, शाई आणि आरेखनाची उपकरणं घेऊन कागदावर बारीक, काटेकोर रेघा काढणं हे त्यांचं काम. बहुतेक कामांना शीर्षक नाही आणि तारीखही नाही. मज्जासंस्थेच्या आजारानं शरीरावरचा त्यांचा ताबा हळूहळू सुटत गेला. रेघा मात्र तशाच नेटक्या येत राहिल्या. यावर ‘जिद्दीचा विजय’ वगैरे मथळा देणं सोपं आहे, आणि तो मला जरा स्वस्त वाटतो. त्यांच्या रेघांत विजय दिसत नाही. कागदावर एक तिरकी रेघ कुठे सुरू करायची आणि कुठे सोडायची एवढंच दिसतं, आणि ते ठरवणं पुरेसं महत्त्वाचं आहे यावरचा विश्वास दिसतो. मघाच्या तीन गोष्टींतली ‘मोल’ ही गोष्ट कशी असते, हे मला याहून चांगलं सांगता येणार नाही.

‘माझं पोरगंही काढेल’

या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर पुराव्यानं द्यायला हवं. अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि त्यांच्यासारखी दिसणारी लहान मुलांची, माकडांची, हत्तींची चित्रं अशा जोड्या लावून विद्यार्थ्यांना विचारलं: कुठलं आवडतं, कुठलं जास्त चांगलं? काही ठिकाणी नावांच्या पाट्याही मुद्दाम चुकीच्या लावल्या. तरी कला न शिकलेल्या विद्यार्थ्यांनीही नुसत्या अंदाजापेक्षा जास्त वेळा चित्रकाराचं काम निवडलं, साधारण साठ-सत्तर टक्के वेळा.

म्हणजे फरक दिसतो. पण तीस-चाळीस टक्के वेळा फसगतही होते, हेही त्याच आकड्यात आहे. १९६४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ‘पिएर ब्रासो’ नावाच्या अज्ञात फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावली गेली आणि एका समीक्षकानं त्यांची तारीफ केली. चित्रकार निघाला प्राणिसंग्रहालयातला पीटर नावाचा चिंपांझी. हे घडवून आणलं होतं एका पत्रकारानं. समीक्षक फसतात. कवितेचे, वाइनचे आणि शेअर बाजाराचे जाणकारही फसतात.

आणि मूल खरंच सुंदर चित्र काढतंच. पण ते थांबतं कंटाळा आला म्हणून, किंवा कुणीतरी कागद ओढून घेतला म्हणून.

मग उलटं टांगलेलं चित्र?

मॉन्ड्रियाननं वर-खालीचं महत्त्व जाणूनबुजून कमी केलं होतं. त्याला असं जाळं हवं होतं ज्यात कुठलाच भाग राजा नाही. असं चित्र उलटं लावूनही तग धरत असेल, तर त्याचा एक हेतू सफलच झाला म्हणायचा. पण पूर्ण सुटका नाही. दाट पट्ट्या वर असल्या की एक ताण तयार होतो, खाली असल्या की चित्र बैठक मारून बसतं. फरक होता आणि इतकी वर्षं तो कुणाला बोचला नाही. चूक बघणाऱ्यांचीच, आणि त्यात तज्ज्ञही आले.

‘मग कुणीही काहीही अर्थ लावावा का?’

नाही. हा गैरसमज अमूर्त चित्राच्या चाहत्यांनीच जास्त पसरवला आहे. अमेरिकन चित्रकार मार्क रॉथकोच्या काळपट तांबड्या चित्रासमोर कुणाला गुदमरल्यासारखं होईल, कुणाला सुरक्षित वाटेल. पण ‘हे चित्र किती खेळकर आहे’ असं कुणी म्हणालं तर आपण त्याला पुन्हा बघायला सांगू. चित्र एकच अर्थ देत नाही, पण कितीतरी अर्थ नाकारतं. शिवाय रॉथकोनं त्या नाकारण्याची सोय केलेली असते: रंगाचे पातळ थर एकावर एक, कडा फुगलेल्या आणि धूसर, आकार माणसाहून मोठा, आणि पाहणाऱ्यानं अगदी जवळ उभं राहावं असा आग्रह.

रॉथकोचं नाव आलं की सर्वात अवघड प्रश्नही येतोच. मूलभूत मानवी भावना रंगवतो म्हणणाऱ्या या माणसानं १९७० मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. मग अर्थ कुठे सापडला? तो आजारी होता, नैराश्यात होता, कुटुंबापासून वेगळा राहत होता. त्याला उपचारांची आणि माणसांची गरज होती, आणि ती गरज चित्र भागवू शकत नाही. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी ह्यूस्टनमध्ये त्याच्या चौदा काळपट चित्रांचं प्रार्थनागृह खुलं झालं. तिथे कुठल्याही धर्माचं किंवा न मानणारं कुणीही जाऊन बसू शकतं. करणाऱ्याला न वाचवणारी गोष्ट इतरांना आधार देते, यात मला विसंगती दिसत नाही, पण ते समजून घेणं सोपंही जात नाही.

बघायचं कसं, करायचं कसं?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका चित्रासमोर सरासरी सत्तावीस सेकंद थांबतात असं दिसलं. तीही नावाजलेली चित्रं. त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा: थांबा. पाच मिनिटं एकाच चित्रासमोर. पाटी आधी वाचू नका, नंतर मात्र नक्की वाचा (रिख्टरसाठी ती किती लागते ते आपण पाहिलं). ‘हे कशाचं आहे?’ असा प्रश्न आला तर त्याऐवजी विचारा: डोळा पहिल्यांदा कुठे गेला? तिथून कुठे ढकलला गेला? कुठला भाग काढला तर चित्र पडेल? दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येतो. त्याच्या पलीकडे बहुतेक वेळा काहीतरी दिसायला लागतं. कधी कधी नाहीही लागत. वाईट अमूर्त चित्रं पुष्कळ आहेत.

करून बघायचं असेल तर रंग दोन-तीनच घ्या, कागद मोठा घ्या, आणि एक नियम पाळा: चेहरा, डोंगर, फूल असं काही दिसायला लागलं की ते मोडायचं. हे वाटतं त्यापेक्षा खूप अवघड आहे, कारण मन सतत ओळखीच्या गोष्टीकडे पळतं. मन हलकं होतं का? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३९ प्रौढांना पाऊण तास माती, मार्कर, कात्रणं देऊन हवं ते करायला सांगितलं, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी झालं. हात सरावलेला असो-नसो, फरक पडला नाही. पण माणसं थोडी होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. शिवाय मन हलकं होणं आणि अर्थ लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या चित्रानं मन जडही होऊ शकतं.

एक अडचण हमखास येईल: थांबायचं केव्हा. यावर नियम नाही. घरातलं कुणीतरी डोकावून ‘हे काय आहे?’ असं विचारेल, त्याचं उत्तर द्यायची सक्ती नाही. पण इथेच का थांबलात, हे मात्र सांगता यायला हवं. ते सांगता येत नसेल तर चित्र अजून अपुरं आहे, नाहीतर मघाशीच संपलं होतं.